आज निघेल का, एवढंच विचार

चि. अभि,

काल फोनवर "आई, डॉक्टरांना त्यांचं काम करू दे" म्हणालास आणि कट केलास. बरं. मी परत फोन नाही करत, लिहिते. उद्या मांडीत रॉड घालणार आहेत, आणि नीलू आधीच घाबरलीय, तिच्याशी हे बोलायचं नाहीये मला.

ऑपरेशनची भीती नाही वाटत मला. हाड जुळेल, वय आहे तुझं. भीती वाटते ती नंतर बेडवर पडून राहशील त्याची. लघवीची नळी घातलीय हे तू किती सहज सांगितलंस! ऑपरेशन झालं की रोज सिस्टरना विचार, आज निघेल का. बास. ती जितके दिवस आत तितका इन्फेक्शनचा धोका वाढत जातो, आणि कधीकधी ती नुसती राहून जाते, काढा असं कोणी म्हणतच नाही म्हणून. युरिन पॉट वापरायला लाजू नकोस.

बाबांचं बायपास पण झकासच झालं होतं ना, दादाकाकांनी पेढे वाटले होते. मग ताप सुरू झाला. कल्चरचा, म्हणजे कोणता जंतू आहे नि त्यावर कोणतं औषध चालतं त्याचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस जातात हे तेव्हा कळलं. क्लेबसिएला. तसा हा जंतू कितीतरी माणसांच्या आतड्यात असतो, काही करत नाही, पण हॉस्पिटलमधला हा औषधं पचवून बसलेला. अँटिबायोटिक्सची एवढी मोठी यादी आणि प्रत्येक नावापुढे आर, आर, आर, म्हणजे चालणार नाही, मेरोपेनेमसारख्या जोरदार औषधापुढे सुद्धा आर, एकट्या कोलिस्टिनपुढे एस, म्हणजे चालेल. किडनीला त्रास देतं म्हणून कधीच मागे पडलेलं जुनं औषध ते, आता दुसरं काही चालत नाही म्हणून परत वापरतात. बाबा वाचले. किडनीचं ते क्रिएटिनिन मात्र पहिल्यासारखं झालं नाही ते नाहीच, अजून डाळ मोजून वाढते मी त्यांना.

आणि तू सर्दी झाली की परस्पर अझिथ्रो, म्हणजे अँटिबायोटिकच, घेतोस. व्हायरसला त्याचा काय उपयोग? २०१९ या एका वर्षात जगात साधारण १२ लाख ७० हजार माणसं औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे गेली, ती काय सगळी म्हातारी होती का? १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने बाकीच्या डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले तर बाळंतिणींचे मृत्यू एकदम खाली आले, तरी कित्येक मोठ्या डॉक्टरांनी मानलं नाही, आणि आपण आजही... सॉरी. दुखत असताना तुला हे ऐकवत बसले. थांबते.

पण अभि, बाबांच्या वेळचा तू मला रोज आठवतोस. मोठे सर राउंडला आले, शेजारच्या पेशंटला तपासून सरळ बाबांच्या ड्रेसिंगला हात लावणार, तेवढ्यात तू म्हणालास, "सर, सॅनिटायझर." सगळे ज्युनियर गप्प, बाबांनी डोळे मिटून घेतले, आत्या मला चिमटा काढतेय. आणि सरांनी हात चोळले, थँक्यू म्हणाले. कॉलेजात होतास रे तू फक्त! मी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली त्या दिवशी. बाबांसाठी तेवढं धाडस होतं, मग स्वतःसाठी विचारायला एवढा संकोच का वाटतो तुला?

अँटिबायोटिक जास्त दिवस द्या असं मात्र म्हणू नकोस, ते डॉक्टर ठरवतील. युरिनची बॅग जमिनीला टेकू देऊ नकोस, बेडच्या वर पण उचलायची नाही, तसं झालं तर लघवी उलटी जाते. नीलूला हे हळूच सांग, भीती न घालता.

मी हुसेनसागर एक्सप्रेसने येतेय. बाबांना आणत नाही, त्यांना आता वॉर्डात नको. ते चिडलेत, तू त्यांना एक फोन कर.

तुझी,
आई

ता.क. हाताला सलाईनची सुई आहे तिथे लाल झालं किंवा ठणकायला लागलं तर सकाळची वाट बघू नकोस, रात्री असली तरी बेल वाजव. आणि नळीचं विचार.