‘रोजची भाकर’च्या पुढचं

पोपोनडेट्टा, पापुआ न्यू गिनी
९ सप्टेंबर

प्रिय सुध्या,

सलाम. आईच्या मातीला आठ महिने झाले आणि मी तुला एक फोन केला नाही, तुझे चार मेसेज वाचून तसेच ठेवलेत. चिडला असशील तर चिड, हक्क आहे तुझा, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच. मागच्या आठवड्यात जे झालं ते बायकोला सांगितलं, तिला अर्धं कळलं, सगळं फक्त तुला कळेल. तब्येत बरी आहे. मलेरिया एकदा येऊन गेला, बीपीची गोळी चालू आहे.

तर इथे मनगालास पठारावर बराई म्हणून लोक राहतात. नाव ऐकून तुला होस्टेलातला आपला अंजनगाव सुर्जीचा बारी आठवणार, त्याची ती पानांची टोपली आणि वॉर्डनचा आरडाओरडा. संबंध काही नाही रे, नुसतं नाव जुळतं. पण सुपारी यांच्याही तोंडात सदानकदा! विड्याचं पान मात्र खात नाहीत, त्याच जातीच्या वेलीला शेंगेसारखी हिरवी दांडी येते, ती चुन्यात बुडवून सुपारीबरोबर चावतात. पान सोडून दांडी खातात हे बारीला सांगू नकोस, दोन दिवस जेवणार नाही तो.

आमच्या ऑफिसात स्टोअर सांभाळणारा पोरगा बराई आहे. तो म्हणाला, २ सप्टेंबरला ख्रिस्ती हुतात्म्यांचा सण असतो, आमच्या गावाला चला. गेलो. रस्ता म्हणजे काय सांगू, अफोरेच्या पुढे गाडी सोडली आणि चिखलात पाच तास चाललो. या प्रांतात २००७ च्या गुबा वादळात मोठे मोठे पूल वाहून गेले आणि पुढे कित्येक वर्षं लोकांनी नद्या जमेल तशा पार केल्या, त्यामुळे चालण्याचं कुणाला काही वाटतच नाही. कॉफीचं पोतं पाठीवर घेऊन बाया माझ्या पुढे निघून जात होत्या. आम्ही पाम तेलवाले, आणि या पठारावरच्या लोकांनी लाकूडतोड आणि पाम लांब ठेवायला वर्षानुवर्षं नेट लावला, शेवटी २०१७ साली सरकारनं ३,६०,००० हेक्टर राखीव जाहीर केलं. मी कंपनीचा पगार खातो तरी मला त्यांचं बरोबर वाटतं, हे लिहून ठेवतो.

मी ज्या घरी उतरलो तिथली म्हातारी पहाटे उठायची. लाकडी खांबांवरचं घर, खाली डुकरं. देवळाबाहेर एक जुना लोखंडी सिलिंडर टांगलाय, त्यावर सळई मारली की घंटा. प्रार्थना झाली की ती मळ्यात. सुतळीची विणलेली पिशवी, तिचा पट्टा कपाळावर, आणि संध्याकाळी येताना त्या एका पिशवीत तारो, रताळी, वर जळण, आणि त्याच्यावर बसलेला नातू. तारो म्हणजे आपल्या अळूचा कांदाच रे, पण तान्ह्या बाळाच्या डोक्याएवढा. निखाऱ्यात भाजतात, मग शिंपल्यानं काळी साल खरवडतात, आतून जांभळट पांढरं निघतं, वाफ येते. ती खरवडायला बसली की मला आईचा हात दिसायचा, भाकरीचा करपलेला पापुद्रा काढणारा. त्या आठवणीनं जीव कासावीस झाला.

आता सण. सुध्या, ते लोक देवळात ढोल घेऊन आले! सालीच्या कापडाचे कपडे, डोक्यावर पिसं, हातात लांब ढोल, नाचत नाचत वेदीपर्यंत. आणि मला काय आठवलं सांगू, ९८ चा नाताळ. तू म्हणत होतास अण्णांचा मृदंग आणि चिपळ्या राहू दे, मी म्हणत होतो कीबोर्ड आणि गिटार, जग कुठे चाललंय. मी जिंकलो, अण्णा मागच्या बाकावर जाऊन बसले, आणि त्यानंतर त्यांनी देवळात चिपळ्या काढल्याच नाहीत. तू दोन वर्षं बोलला नाहीस माझ्याशी. तुझंच बरोबर होतं. हे मला सव्वीस-सत्तावीस वर्षांनी पापुआ न्यू गिनीत कळावं!

उपदेश एका म्हाताऱ्या शिक्षकानं केला, आपल्याकडच्या जुन्या मास्तर-उपदेशकांसारखा माणूस, अनवाणी. गोष्ट लुसियन टापिएडीची. १९४२ साली जपानी उतरले तेव्हा हा पापुआचा तरुण शिक्षक मिशनरींना सोडून गेला नाही, आणि इथल्याच एका माणसानं त्याला मारलं. पण तोच मारणारा पुढे ख्रिस्ती झाला, त्यानं लुसियनचंच नाव घेतलं आणि एंबी गावात त्याच्या नावानं देऊळ बांधलं. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीवर लुसियनचा पुतळा आहे, ते म्हातारबाबा पुतळ्याचं फार सांगत नाहीत, मारणाऱ्याचं सांगतात.

सगळं गोडगोड आहे असं समजू नकोस. त्याच गावात एक तरणा पोरगा पोटदुखीनं गेला होता आणि लोक कुजबुजत होते, कुणीतरी पुरीपुरी केली म्हणून. म्हणजे करणीच. सकाळी प्रार्थना, रात्री करणीची भीती. आपल्या वाडीत काय वेगळं होतं? तुझी आत्या नाही का, उपासनेला पहिल्या बाकावर आणि उंबऱ्याला बिब्बा.

आता खरं ते. रात्री जेवणाआधी म्हातारबाबा मला म्हणाले, तू तुझ्या आईच्या भाषेत प्रार्थना कर, आम्हाला ऐकायचीय. मी उभा राहिलो. “हे आमच्या स्वर्गातील पित्या” चांगलं निघालं. “आमची रोजची भाकर आज आम्हास दे” इथपर्यंत आलो आणि थांबलो. पुढे ऋणाचं आहे हे माहीत होतं, पण वाक्य येईना. एकोणीस वर्षं इंग्रजी उपासना, आधी आखाती देशात मग इथे, मधला तुकडा निसटून गेला रे. सगळे डोळे मिटून थांबलेले. मग म्हातारबाबांनी हळूच बराईत पुढे सुरू केलं, चालीवरून कळलं की माझीच प्रार्थना पुरी करतायत, आणि आमेन सगळ्यांनी मिळून म्हटलं.

सुध्या, आई जायच्या रात्री तू तिच्या उशाशी फोन धरला होतास. तिला माझ्या तोंडून प्रार्थना ऐकायची होती. मी “रोजची भाकर”पाशी थांबलो आणि बाकीची तू म्हटलीस. नंतर मी सगळ्यांना सांगितलं नेटवर्क गेलं म्हणून. नेटवर्क गेलं नव्हतं. मला पुढचं येत नव्हतं. तुला तेव्हाच कळलं असणार, कारण माझा श्वास ऐकू येत होता तुला, आणि तू आजपर्यंत एका शब्दानं बोलला नाहीस. म्हणून मी फोन टाळत होतो.

म्हातारबाबांचीही तीच काळजी. बराईत नवा करार झालाय, त्यांनी फडक्यात गुंडाळलेला दाखवला, पण पोरं टोक पिसिन, म्हणजे या देशातली सगळीकडे चालणारी बोली, बोलतात, शाळेत इंग्रजी. भाषा बोलणारे आहेतच किती, काही हजार. त्यांची भाषा बसून ऐकली तर क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच, वाक्य संपेपर्यंत थांबावं लागतं. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनात बसून एवढं साध्या मराठीत बायबल आणलं ते कुणासाठी, माझी लेक अक्षर ओळखत नाही. नऊ वर्षांची झाली. आजीशी इंग्रजीत बोलायची आणि आई नुसती हसायची.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? दुकानाचं भाडं वाढवलं का त्यानं? धाकट्याला बारावीला शुभेच्छा सांग, जास्त मागे लागू नकोस त्याच्या.

आणि एक काम कर. अण्णांच्या चिपळ्या अजून असतील घरात, माळ्यावर बघ. प्रार्थना रेकॉर्ड करून पाठव, मग अण्णांची ती दोन-तीन भजनं, चिपळ्यांसकट. भाकरीच्या पुढची ओळ जरा सावकाश म्हण, लेक तुझ्या मागोमाग म्हणणार आहे, आणि मीही.

तुझा,
दिल्या