तुझ्या मित्राबद्दल

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

तुझा मित्र खेळायला येईनासा झाला, मेसेजला उत्तर देत नाही आणि विचारपूस केलीस तर तुझ्यावरच खेकसला, हे तू सांगितलंस. आधी त्या खेकसण्याबद्दल. तुमच्या वयात नैराश्य पुष्कळदा रडण्यातून नाही, तर चिडचिडीतून दिसतं. त्यामुळे मित्र दुखावून लांब जातात आणि त्याची खात्री पटते की आपण कुणालाच नको आहोत. तू लांब जाऊ नकोस.

'कधीही बोलावंसं वाटलं तर सांग' असं लिहू नकोस. वाक्य प्रेमाचं आहे, पण पहिलं पाऊल त्यालाच टाकायला लावतं आणि नेमकी तेवढीच ताकद सध्या त्याच्यात नाही. त्यापेक्षा असं लिही: 'शनिवारी 5 वाजता दाराशी येतो, 20 मिनिटं चालून येऊ. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.' चालायलाच ने, कारण शेजारी शेजारी चालताना एकमेकांकडे बघावं लागत नाही आणि गप्प राहिलं तरी अवघडल्यासारखं होत नाही. एकटाच जा, चारपाच जण मिळून गेलात तर त्याला धाड पडल्यासारखं वाटेल. नाही म्हणाला तर वाद न घालता परत ये आणि पुढच्या शनिवारी पुन्हा जा.

बोलताना फक्त दिसलं तेवढं सांग: 'तीन आठवडे झाले, मधल्या सुट्टीत तू एकटाच बसतोस. मला काळजी वाटते.' मग थांब, मनात 10 पर्यंत आकडे मोज. ही शांतता सहन न होऊनच माणसं घाईघाईनं सल्ले देतात. 'पॉझिटिव्ह विचार कर' हा त्यातला सगळ्यात निरुपयोगी; तो ऐकला की समोरचा गप्प होतो.

आशा वाटू लागली की तो आपोआप बाहेर पडेल असं आपण धरून चालतो. घडतं बहुतेक उलटं. घरात बसलं की काही बरं वाटण्याची संधीच उरत नाही, मन अजून खाली जातं आणि मग काहीच करवत नाही. हे चक्र कृतीच्या बाजूनं तोडायचं असतं. उपचारात याला 'बिहेवियरल ॲक्टिव्हेशन' म्हणतात. कृती अगदी छोटी हवी: 10 मिनिटं, ठरलेल्या वेळी, पूर्वी आवडणारी. 'उद्यापासून रोज जिम' हा बेत दोन दिवसांत मोडतो आणि ते त्याला आणखी एक अपयश वाटतं. रात्री उशिरापर्यंत चॅटही नको. तुमच्या वयाला 8 ते 10 तास झोप लागते आणि ती तुटली की दोघांचंही मन ढासळतं.

पण हे सगळं तू एकट्यानं पेलायचं नाहीस. उदासी किंवा चिडचिड, कशातच रस नसणं, झोप-भूक बिघडणं असं 2 आठवडे जवळपास रोज चाललं असेल, तर मोठं माणूस हवंच. त्याला 3 नावं काढायला सांग: घरातलं, शाळेतलं, ओळखीतलं कुणीही. तीनच का? पहिलं माणूस 'वयच असं असतं' म्हणून उडवून लावण्याची शक्यता असते आणि दुसरं नाव तयार नसेल तर तो तिथेच थांबतो. तोंडानं सांगता येत नसेल तर चार ओळींची चिठ्ठी पुरते: काय होतंय, कधीपासून, काय करणं बंद पडलंय, कसली मदत हवी. डॉक्टरांकडेही तीच चालते. थायरॉइड किंवा रक्त कमी असल्यानंही असा थकवा येतो, ते तेच तपासतील. समुपदेशनात एकदोन भेटींत फारसा फरक दिसत नाही आणि पुष्कळ मुलं तिथेच सोडतात, हे त्याला आधीच सांग. समुपदेशकाशी जुळलं नाही तर दुसरा शोधता येतो.

आता सगळ्यात अवघड भाग. 'सगळं संपलंय', 'मी नसलो तरी काय' असं काही बोलला, आवडत्या वस्तू वाटू लागला, निरोप घेतल्यासारखं लिहू लागला, तर आडवळणानं नको, सरळ विचार: 'जीव द्यायचा विचार येतो का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट ओझं बोलून दाखवायला वाट मिळते. 'कुणाला सांगू नको' म्हणाला तर वचन देऊ नकोस. 'हे मी गुपित ठेवू शकत नाही, पण कुणाला सांगतोय ते तुला आधी सांगेन' असं म्हण. रागावला तरी चालेल.

उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नकोस. सोबत राहा आणि लगेच त्याच्या घरच्यांना किंवा मला बोलाव. फोनवर असशील तर फोन न ठेवता दुसऱ्या फोनवरून कळव. कुणीच मिळत नसेल तर हेल्पलाइन किंवा आपत्कालीन सेवा. रात्रीचे कितीही वाजलेले असोत, मला उठव. दार वाजवत बसू नकोस, सरळ आत ये.

तुझी,
आई