‘परवानगी दिली’ हे शब्द खटकतात

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी कोथरूडमध्ये गेली १९ वर्षे बायकांना मोटार चालवायला शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी चाळिशी-पन्नाशीच्या. दुचाकीवरून त्यांनी अख्खे पुणे पालथे घातलेले असते. घरातल्या चारचाकीला मात्र हात लावलेला नसतो, कारण ‘तुला नाही जमायचं’ हे घरात कधीच ठरून गेलेले असते.

जून आला की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्टिअरिंगवर बसलेल्या सौदी महिलेचा फोटो फिरतो. खाली ओळ असते : ‘२४ जून २०१८, सौदी अरेबियाने महिलांना गाडी चालवण्याची परवानगी दिली.’ वर्तमानपत्रांच्या दिनविशेषातही साधारण असेच वाक्य वाचायला मिळते. त्यातल्या ‘दिली’पाशी मी दरवेळी अडखळते.

६ नोव्हेंबर १९९० रोजी रियाधच्या रस्त्यांवर ४७ महिलांनी गाड्या काढल्या होत्या. त्यांचे पासपोर्ट जप्त झाले, नोकऱ्यांवर गदा आली. डिसेंबर २०१४ मध्ये लुजैन अल-हथलूल ही तरुणी अमिरातीचे लायसन्स घेऊन स्वतः गाडी चालवत सौदीच्या सीमेवर पोहोचली. ७३ दिवस कोठडीत गेले. पासपोर्टपासून प्रवासापर्यंत प्रत्येक गोष्टीला पुरुष पालकाची संमती लागे, त्या कायद्यालाही तिने उघड विरोध केला. मे २०१८ मध्ये, बंदी उठायला जेमतेम सहा आठवडे उरले असताना, तिला आणि तिच्या सहकारी कार्यकर्त्यांना पकडले.

हे क्लासमध्ये सांगितले तेव्हा चांदणी चौकाच्या चढावर हाफ क्लचचा सराव करणाऱ्या एका विद्यार्थिनीने गाडी बाजूला घेतली आणि विचारले, “मॅडम, बंदी उठवायचीच होती, मग तिला आत का टाकलं?”

मला जे उमजले ते मी सांगितले. मागून मिळाले असे दिसले, तर उद्या आणखी कुणी मागायला उभी राहील. राजाच्या मर्जीने मिळाले असे दिसले, की पुढचे मागणाऱ्यांची तोंडे बंद.

तुरुंगात विजेचे झटके दिले, लैंगिक छळ केला, असे लुजैनच्या कुटुंबीयांनी जाहीरपणे सांगितले. सरकारने ते नाकारले. ‘छळ झाला नाही असं कॅमेऱ्यासमोर सांग, सोडतो’ असा प्रस्ताव २०१९ मध्ये तिच्यापुढे ठेवला गेला आणि तिने तो धुडकावला, हेही त्यांनीच सांगितले. घर डोळ्यांसमोर दिसत असताना नाही म्हणायचे! पुढे जवळपास दीड वर्ष ती आतच राहिली. डिसेंबर २०२० मध्ये दहशतवादविरोधी कायद्याखाली ५ वर्षे ८ महिन्यांची शिक्षा झाली, त्यातला काही भाग स्थगित. १० फेब्रुवारी २०२१ रोजी, १००१ दिवसांनी ती बाहेर आली, तीही प्रवासबंदी घेऊनच. जिने गाडीसाठी सीमा गाठली, तिलाच सीमा ओलांडायला मनाई!

आपल्याला एकच विनंती. पुढच्या २४ जूनला दिनविशेष छापाल, तेव्हा ‘बंदी उठली’ एवढेच लिहा आणि शेजारी लुजैनचे नाव व ते १००१ दिवस छापा. जागा कमी पडली तर फोटो लहान करा. ते कात्रण मी गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवणार आहे.

आपली नम्र,
एक ड्रायव्हिंग प्रशिक्षिका, कोथरूड, पुणे