जयस्तंभावरची नावं वाचता आली, त्याबद्दल आभार

पेरणे गावाजवळ भीमेच्या काठी उभा असलेला कोरेगावचा जयस्तंभ. ऑनलाइन ज्ञानकोशातला त्याचा लेख ज्या विद्यार्थ्यांनी खपून सुधारला, त्यांची नावं मला ठाऊक नाहीत. पोरांनो, पोरींनो, मनापासून आभार!

1 जानेवारी 1818 ला ईस्ट इंडिया कंपनी आणि पेशव्यांच्या फौजांमध्ये झालेली लढाई, 1821 मध्ये झालेली स्तंभाची पायाभरणी, 1927 च्या 1 जानेवारीला बाबासाहेबांनी तिथं दिलेली भेट, सगळं तुम्ही पुराव्यानिशी मांडलंत. स्वातंत्र्यापर्यंत महार रेजिमेंटच्या बोधचिन्हावर हाच स्तंभ होता, हेही आलं. पण माझा जीव अडकला तो नावांपाशी. शिलालेखाचे फोटो मोठे करकरून तुम्ही एकेक अक्षर लावलंत. शेवटी 'नाक' लागलेली, म्हणजे त्या लढाईत पडलेल्या महार सैनिकांची, ती 22 नावं! एका नावाच्या वेलांटीवरून तर तुमची तीन दिवस चर्चा चालली होती. केवढी ही कळकळ.

माझी आजी दरवर्षी तिथं फुलं वाहायची. तिला वाचता येत नव्हतं. स्तंभाकडे बोट दाखवून "ही आपली माणसं" एवढंच म्हणायची. परवा मी ती नावं मोबाईलवरून आईला मोठ्यानं वाचून दाखवली. डोळ्यांना पदर लावून ती म्हणाली, "परत वाच."