मोगलाईच्या वेशीवरून

पुणे,
संक्रांतीनंतरचा रविवार

प्रिय बाळ्या,

"नुसते दगड आणि तोफांचे फोटो टाकतोस, गेला होतास कुठं ते तरी सांग." तुझी तक्रार रास्त आहे. मस्कतला शुक्रवारी सुट्टी असते ना, मग चहा घेऊन बस. पत्र लांबणार आहे.

सह्याद्रीतले गड आपण कॉलेजात असताना पुष्कळ चढलो. आता गुडघे कुरकुरतात. शिवाय मला बऱ्याच वर्षांपासून वेगळीच खाज होती. सपाटीवरचे भुईकोट बघायचे, जिथं दोन राज्यांच्या हद्दी एकमेकींना घासत होत्या. निजामशाही नि आदिलशाही, बहमनी नि विजयनगर, इंग्रज नि निजाम. म्हणून परांडा, सोलापूर, नळदुर्ग, विजापूर, मुद्गल, मस्की, रायचूर असं खाली खाली उतरत गेलो. दिवस हुरड्याचे होते, तेव्हा पहिल्या टप्प्यात इतिहास कमी आणि पोट जास्त असं चाललं होतं, हे तुला सांगायला नकोच.

परांडा पाहून जीव कळवळला. एवढा देखणा भुईकोट, खंदक, दुहेरी तट, बुरुजांवर तोफा, आणि बघायला आम्ही, दोन शेळ्या नि एक रखवालदार. 1600 साली नगर अकबराच्या फौजेच्या हाती पडल्यावर मलिक अंबरने मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवला आणि निजामशाहीचा कारभार हलवला तो इथंच. आता हे सांगितलं तर परांड्याची पोरंसुद्धा संशयाने बघतात.

सोलापूरहून नळदुर्गला जाताना नानांना बरोबर घेतलं. आमच्या नानाकाकांना तू ओळखतोस, तुळजापूरकडचे, पंच्याऐंशी झाली, कान गेले पण जीभ शाबूत. बोरी नदी जवळ आली तसे ते मागच्या सीटवरून एकदम म्हणाले, "हितनं फुडं मोगलाई." मी म्हटलं, नाना, हैदराबादच्या निजामाची मोगलाई जाऊन पाऊणशे वर्षं झाली. तर ते ऐकेचनात. इकडं इंग्रजांचे कलदार रुपये चालायचे, तिकडं निजामाचे हाली. आजी सोलापूरच्या बाजाराला निघाली की कनवटीला दोन वेगळ्या गाठी मारायची, एकीत निजामाचं नाणं, दुसरीत इंग्रजाचं. करोडगिरी (जकात) नाक्यावरचा शिपाई गाठोडं सोडायला लावायचा आणि आजी त्याला त्याच्या आईवरून काहीतरी ऐकवायची. काय ऐकवायची ते नानांनी गाडीत सुमीसमोर जसंच्या तसं म्हणून दाखवलं. ते मी इथं लिहीत नाही.

नळदुर्गात पाणी महाल बघ कधीतरी. बोरी नदीवर किल्ल्यातच आडवं धरण घातलंय आणि त्या धरणाच्या पोटात महाल बांधलाय. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, 1613 सालचं काम. पावसाळ्यात नर आणि मादी असे दोन धबधबे धरणावरून कोसळतात, आणि आत खिडकीशी उभं राहिलं की समोर पाण्याचा पडदा. जानेवारीत अर्थातच नर-मादी दोघेही कोरडे. पण जिन्याने खाली उतरून त्या सज्जात उभं राहिल्यावर एक गोष्ट कळली. ज्याने हे बांधलं त्याला हा किल्ला आपल्याकडे टिकेल याची खात्री असली पाहिजे. हद्दीवरच्या किल्ल्यात, पलीकडे शत्रू बसलेला असताना, माणूस धबधब्यामागे बैठक बांधतो!

खात्री काही खरी ठरली नाही. आदिलशाही गेली, मोगल आले, मग निजाम. 1853 साली निजामाने फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी वऱ्हाड, नळदुर्ग आणि रायचूरचा दोआब इंग्रजांकडे दिला. त्यातला नळदुर्ग आणि दोआब 1860 साली परत मिळवला. आणि 13 सप्टेंबर 1948 च्या पहाटे सोलापूरकडून निघालेल्या आपल्या फौजेने पहिल्यांदा धरला तो नळदुर्गजवळचा बोरीवरचा पूल. म्हणजे निजामशाही आणि आदिलशाही ज्या पट्ट्यात भांडली, तिथंच साडेतीनशे वर्षांनी हैदराबाद संस्थानची वेस होती. राज्यं बदलली, वेस जागची हलली नाही. आजही बघ, सोलापूर पुणे विभागात आणि नळदुर्ग मराठवाड्यात. नाना चुकत नव्हते.

नानांना सोलापुरात आत्याकडे सोडून आम्ही विजापूरला गेलो. (पाट्यांवर आता विजयपुरा आहे. गाडी थांबवून रस्ता विचारला की लोक अजून विजापूरच म्हणतात.) गोलघुमटात पोरांच्या सहली इतक्या किंचाळत होत्या की प्रतिध्वनीची हौस फिटली. माझा खरा मुक्काम मलिक-ए-मैदानपाशी. मिश्रधातूची, पंचावन्न टनांची तोफ. तोंड सिंहाचं आणि जबड्यात चिरडला जाणारा हत्ती. भर दुपारी हात लावला तर गार, आणि बोटाने टकटक केलं तर घंटेसारखी बोलते. पण गंमत तिच्या प्रवासात आहे. ती ओतली 1549 साली अहमदनगरला, मुहम्मद बिन हसन रुमी या तुर्की कारागिराने. मग ती परांड्याला होती. तिथून 1632 साली आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने ती विजापूरला ओढून आणली. हा तोच मुरार जगदेव, ज्याने पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवला. पुढे 1686 मध्ये विजापूर पडल्यावर औरंगजेबानेही तिच्यावर आपला लेख कोरून घेतला. एकाच तोफेवर निजामशहाचाही लेख आणि बादशहाचाही. परांड्याच्या रिकाम्या बुरुजावर उभा होतो तेव्हा मला हे डोक्यात नव्हतं. इथं आल्यावर दोन्ही टोकं जुळली.

तालिकोटला विशेष काही नाही. तुरीची शेतं, कापूस, रस्त्यात आडवे ट्रॅक्टर. 1565 ची लढाई प्रत्यक्ष तालिकोटला झालीच नाही, ती खाली कृष्णाकाठी झाली. शाळेत आपण जी राक्षसतागडी घोकली ती हीच. मात्र शाळेत एक सांगितलं नाही. विजयनगरविरुद्ध चार शाह्या एकत्र आल्या हे खरं, पण त्याआधीची वीस-पंचवीस वर्षं त्यातलाच जो तो विजयनगरच्या रामरायाला मध्ये घेऊन दुसऱ्याशी लढत होता. गोवळकोंड्याचा इब्राहिम कुतुबशहा गादीवर येण्यापूर्वी सात वर्षं विजयनगरला आश्रयाला होता. आणि ही युती जमली ती सोयरिकीवर. नगरची चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि हुंड्यात सोलापूरचा किल्ला! आपण ज्या किल्ल्याच्या बागेत भेळ खाल्ली तो किल्ला, बाळ्या, हुंड्यात दिलेला आहे. वहिनींना हे सांग, आणि त्यांच्या माहेरने तुला नुसती स्कूटर दिली म्हणून कुरकुरू नकोस.

कृष्णा ओलांडली की दोआब. कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्यामधली ही जमीन, हिच्यापायी बहमनी आणि विजयनगर दीड-दोनशे वर्षं झगडले. मुद्गलची गोष्ट तर नाटक कंपनीला शोभेल अशी. 1406 साली पहिल्या देवरायाने मुद्गलच्या एका सोनाराच्या मुलीपायी स्वारी केली, असं जुना इतिहासकार फरिश्ता सांगतो. मुलीने नकार दिलेला, स्वारी फसली, आणि शेवटी फिरोजशहा बहमनीने उलट देवरायाचीच मुलगी मागून घेतली, आंदण म्हणून बंकापूरही. फरिश्ता तिखटमीठ लावणारा माणूस, पण मुद्गलच्या वेशीतल्या टपरीवाल्याला विचारलं तर त्याने ती कालच शेजारी घडल्यासारखी सांगितली, अस्सल दखनीत. "पैसे नक्को, सुनके जाव," म्हणाला. चहाचे घेतले बरं का.

लिंगसुगूरहून मस्कीला वाट वाकडी केली. टेकडीवर एका मोठ्या शिळेवर अशोकाचा लेख आहे. हट्टीच्या सोन्याच्या खाणी लिंगसुगूर तालुक्यातच, आणि 1915 साली हा लेख सापडला तोही सोन्याच्या खाणीवरच्या बीडन नावाच्या अभियंत्याला. तोवर देशभरच्या लेखांत राजा स्वतःला 'देवानांपिय पियदसी' म्हणवत होता. त्याचं 'असोक' हे नाव पहिल्यांदा सापडलं ते इथं. त्याच्याही राज्याची दक्षिणेकडची कड याच भागात येते. आता मला सांग, या जमिनीच्या नशिबातच कडेला असणं लिहिलंय की नाही?

रायचूरला मी हट्टाने पूर्ण दिवस काढला. सुमी वैतागली, कारण मी एका भिंतीपुढून हलेना. किल्ल्याच्या आतल्या तटात एक अखंड शिळा बसवलीय, लांबी चाळीस फुटांच्या वर. तिच्यावर काकतीयांच्या काळातला 1294 सालचा लेख. आणि त्याच भिंतीवर रेघांनी कोरलेलं चित्र: हीच लांबलचक शिळा गाड्यावर ठेवलीय, पुढे रेड्यांच्या जोड्यांमागून जोड्या आणि माणसं. बांधणाऱ्यांनी लेखात राजाचं नाव घातलं, पण दगड आणला कसा तेही मागे ठेवलं. रेड्यांची शिंगं बोटाने चाचपता येतात. इतक्या शाह्यांच्या थोरवीचे लेख पाहिले, त्यात रेड्यांना जागा देणारा हा एकच.

याच रायचूरला 1520 साली कृष्णदेवरायाने वेढा घातला होता. त्याच्याकडे क्रिस्तोव्हाव द फिगेरेदो हा गोव्याहून घोडे घेऊन आलेला पोर्तुगीज होता, बरोबर थोडे बंदूकवाले. त्यांनी तटावर डोकं काढणारे टिपायचे आणि खालच्यांनी पहारींनी दगड उपटायचे. असा किल्ला पडला. दहाच वर्षांपूर्वी पोर्तुगिजांनी गोवा आदिलशहाकडून घेतलेला, तेव्हा हिशेब जुनाच.

खाण्याचं म्हणशील तर सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी थेट रायचूरपर्यंत सोबत करते, फक्त नाव बदलून. वांग्याला एण्णेगाई म्हणायला लागले की कर्नाटक आलं समजायचं. रायचूरला संध्याकाळी मिरची भजी आणि चुरमुरे. सुमीचा राग तिथं गेला.

वरचा अर्धा भाग राहिलाय: उदगीर, बीदर, बसवकल्याण. तो मी तुझ्यासाठी राखून ठेवलाय. मेमध्ये येणार असशील तर नको, भाजून निघू. दिवाळीला रजा टाक आणि या वेळी पाठीची सबब सांगू नकोस, मागची सीट तुला देतो. नाना यायचं म्हणतायत, त्यांना बीदरला कुणीतरी निजामाच्या काळात तीन रुपये देणं लागतं म्हणे.

काकूंना नमस्कार. वहिनींना स्कूटरचं सांगितलंस का ते कळव.

तुझा,
पद्या