कोपरासाठी मिळणारे पंधरा दिवस

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

माझी आई 74 वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात ती न्हाणीत घसरली, उजवा हात टेकला आणि दंडाचं हाड कोपराजवळ फुटलं. जवळच्या रुग्णालयात प्लास्टर घातलं. "या वयात ऑपरेशन कशाला, हाड जुळेल," असं सांगितलं गेलं. हाड जुळलंही. पण दीड महिन्यानं प्लास्टर काढलं तेव्हा कोपर काटकोनात अडकलं होतं. आज तिचा घास तोंडापर्यंत जात नाही. तिचा अंबाडा मी बांधते.

कोपर फार लवकर आखडतं. तीन आठवड्यांपेक्षा जास्त जखडून ठेवलं, तर गेलेली हालचाल परत मिळवणं कठीण असतं. जेवणं, केस विंचरणं अशा रोजच्या कामांना ते साधारण 30 ते 130 अंश वाकावं लागतं. म्हातारपणी हाड ठिसूळ, त्यात सांध्याचेच तुकडे झालेले. ऑपरेशन करून तुकडे धातूच्या प्लेटनं जोडले, तरी स्क्रू धरतीलच असं नाही. कॅनडातल्या सर्जननी 65 वर्षांवरच्या रुग्णांवर केलेला अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्लेट लावायचं ठरलेल्या 20 जणांपैकी पाच जणांना ऑपरेशन टेबलावरच निर्णय बदलून कृत्रिम सांधा बसवावा लागला. म्हणजे सर्जनच्या हाताशी दोन्ही पर्याय हवेत. कृत्रिम सांधा बसवला, की त्या हातानं पाचेक किलोपेक्षा जास्त वजन जन्मभर उचलायचं नाही. पाण्याची कळशी उचलणाऱ्या बाईला हे आधीच सांगायला हवं.

सरसकट सगळ्यांचं ऑपरेशन करा, असं मी म्हणत नाही. कोपराचं मागचं टोक तुटलेल्या 75 वर्षांपुढच्या रुग्णांवर स्कॉटलंडमधल्या एडिंबरात चाचणी झाली. ऑपरेशन केलेल्या 11 पैकी नऊ जणांना गुंतागुंत झाली आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. तिथं हात थोडे दिवस झोळीत ठेवून हलवायला लावणंच बरं. कोणाला चिरायचं आणि कोणाला नाही, हे ठरवणारा जाणकार पहिल्या पंधरा दिवसांत भेटला पाहिजे. आईला तो भेटला नाही.

ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला आयुष्मान योजनेत पाच लाखांचं संरक्षण आहे. आईकडेही कार्ड आहे. पण कुठं जायचं हे कार्डावर लिहिलेलं नसतं. साठीपुढचं कोपराचं प्रत्येक फ्रॅक्चर आठवड्याच्या आत जिल्हा रुग्णालयातल्या अस्थिरोगतज्ज्ञानं पाहावं, सीटी स्कॅन तिथंच व्हावा, आणि गरज असेल तर वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णवाहिकेनं पाठवावं, असा आदेश काढा. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर केंद्रानं 2017 मध्ये मर्यादा घातली. तशी कोपराच्या सांध्यावरही घालावी, यासाठी केंद्राकडे आग्रह धरा.

आई आठवड्यातून दोनदा एसटीनं 40 किलोमीटरवर व्यायामाला जाते. ग्रामीण रुग्णालय आमच्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. तिथं फिजिओथेरपिस्ट नेमा.

आपली,
एका रुग्णाची मुलगी