टूलरूमचे सर गेले

सिडको, नाशिक
रविवार सकाळ

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर नीट बोलता आलं नाही. दादाकडे पाहुणे होते, आणि बाबा, तुम्ही एवढंच म्हणालात, "मोठी कंपनी आहे, एक माणूस गेल्याने थांबत नाही." ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून आज लिहायलाच बसले.

एक माणूस नाही गेला, बाबा. दिवाळीपासून चौघं गेले. आधी प्लांट हेड, मग परचेसचे मॅनेजर, मग क्वालिटीच्या मॅडम, आणि या शुक्रवारी आमचे टूलरूमचे, म्हणजे साचे बनवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या विभागाचे, सर. चौघांनाही बाहेर हातोहात नोकरी मिळाली, आणि मला बोचतंय ते हेच. कंपनी अडचणीत आली की कामचुकार आधी गळतील असं वाटतं. इथे ज्याला चार ठिकाणी मागणी, तो आधी उठला. आता त्यांच्या खुर्च्यांवर जे बसतील, त्यांच्यातल्या काहींना बाहेर कुणी विचारत नाही म्हणून ते इथे आहेत. हे लिहिताना वाईट वाटतं, पण आहे ते असं आहे.

सर म्हणजे काय होते ते तुम्हाला कळेल, तुम्ही हाताने काम केलंय. गेल्या पावसाळ्यात एका ब्रॅकेटला बर्र यायला लागली. आई, बर्र म्हणजे कापलेल्या कडेला उठणारी बोचरी किनार. दोन मिलिमीटरचा पत्रा, रोजचं काम. शिफ्टमधले सगळे म्हणाले, पत्रा कापणारा पंच बोथट झालाय, काढा आणि ग्राइंडिंगला पाठवा. सरांनी प्रेस चालू ठेवायला लावली. प्रेसच्या खांबाला तळवा टेकवून वीसेक स्ट्रोक नुसते ऐकत उभे राहिले. मग बिनमधून पाच पीस उचलले आणि कडेवरून नख फिरवून माझ्या हातात दिले. "सगळीकडून आहे का बघ." बर्र एकाच बाजूला होती. धार गेली असती तर चारही बाजूंना आली असती. एकाच बाजूला आली म्हणजे पंच सरकलाय, क्लिअरन्स, म्हणजे पंच आणि खालच्या डायमधली फट, एकीकडे वाढलाय. डाय उघडली तर गाइड बुश, म्हणजे पंचाला सरळ रेषेत ठेवणारं नळकांडं, झिजलेलं. पंच ग्राइंड केला असता तर दिवस गेला असता आणि बर्र तशीच राहिली असती.

असा माणूस पगारासाठी गेला असं कंपनीत बोललं जातंय. ते खोटं आहे. टूल स्टीलची मागणी त्यांनी चार महिने लावून धरली होती, हेड ऑफिसचं उत्तर एकच, "ही तिमाही संपू दे." इथल्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचं हीट ट्रीटमेंटचं, म्हणजे पोलाद तापवून कडक करण्याचं, काम करणारे एक काका आहेत, छोटं युनिट, सात-आठ माणसं. त्यांचं बिल पाच महिने अडकलं. ते फोन करायचे ते सरांना, कारण वीस वर्षं सरांच्या शब्दावर त्यांनी आधी काम करून दिलं आणि मग पैसे घेतले. शेवटी ते गेटवर आले. सर बाहेर जाऊन त्यांच्याशी बोलले आणि परत आल्यावर बराच वेळ टेबलापाशी उभेच होते. मला एवढंच म्हणाले, "कंपनीचं बिल थकलंय, पण शब्द माझा गेला." महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला.

रात्री झोप येईना तेव्हा मी इंटेलचं वाचत बसले. आपल्या पहिल्या कॉम्प्युटरवर जिचं स्टिकर होतं ती चिप बनवणारी कंपनी. पॅट गेल्सिंगर तिथे १९७९ मध्ये, अठराव्या वर्षी टेक्निशियन म्हणून लागले. नोकरी करत शिकले आणि ४८६ चिपच्या डिझाइनचे प्रमुख झाले. २००९ मध्ये ते बाहेर पडले. जिम केलर हा चिपच्या जगातला नावाजलेला माणूस २०१८ मध्ये आला आणि २०२० मध्ये निघूनही गेला. कंपनी मागे पडली तेव्हा २०२१ मध्ये गेल्सिंगरांनाच सीईओ म्हणून परत बोलावलं, आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये त्यांनाही जावं लागलं. त्या वर्षीचा तोटा जवळजवळ १९ अब्ज डॉलर, आणि पंधरा हजारांवर माणसं कमी करण्याची घोषणा. बाहेर राहून काय कळणार मला, पण वाटतं की जुना माणूस परत आणता येतो, मधली अकरा वर्षं आणता येत नाहीत.

आणि बाबा, ही इंटेल मुळात जन्मली तीही अशीच. रॉबर्ट नॉईस आणि गॉर्डन मूर १९६८ मध्ये फेअरचाइल्ड ही चिपचीच कंपनी सोडून निघाले, आणि त्यांनी इंटेल काढली. नॉईस यांना तिथे सर्वांत वरच्या पदासाठी डावललं होतं. पाठोपाठ त्यांचे सहकारी अँडी ग्रोव्हही गेले. फेअरचाइल्डला तेव्हा कुणी धरून ठेवलं असतं तर? हा विचार मला सोडत नाही, कारण आमच्याकडे सरांना कुणी "थांबा" म्हटलंच नाही. एचआरने लॅपटॉप आणि गेटपास जमा करून घेतला, सही घेतली. अर्ध्या तासाचं काम.

ओझरच्या विमान कारखान्यात तुमच्या काळी हे वेगळं होतं. मिगवर हात बसलेले फिटर पुढे सुखोईवर आले आणि आपल्या हाताखालच्यांना घेऊन आले, हे तुम्हीच सांगायचात. म्हणून सोडून जाणं तुम्हाला पळून जाणं वाटतं, ते मी समजू शकते. पण सर पळाले असं तुम्ही म्हणू नका. मला ते सहन होणार नाही.

आता माझं. हे शेजारच्या काकूंकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. सरांनी मला त्यांच्या नव्या कंपनीत बोलावलंय, चाकणला. मी ऑगस्टपर्यंत नाही म्हणाले आहे. आमच्याकडे आयटीआयची दोन पोरं अप्रेंटिस आहेत, त्यांचं वर्ष ऑगस्टमध्ये पूर्ण होतं. दोघंही सरांच्या भरवशावर आली होती. त्यांना अर्धवट सोडून मी जाणार नाही. त्यानंतर मात्र जाईन, आणि तेव्हा तुम्ही मला अडवू नका. आई, हप्त्यांची काळजी करू नकोस, सहा महिन्यांचे बाजूला काढून ठेवलेत.

जाताना सरांनी त्यांची वही मला दिली. प्रत्येक डायची नोंद, कुठे किती शिम (मध्ये सारायची पातळ पट्टी) लावली, कोणता बुश कधी बदलला, सगळं पेन्सिलने. तेलाच्या बोटांनी पानं पारदर्शक झालीत. रोज रात्री चार-पाच पानं उतरवून काढतेय, पण खांबाला हात लावून सर काय ऐकत होते ते वहीत नाही.

बाबा, तुमचं डोळ्याचं झालं आणि डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं की इकडे या. त्या दोघा अप्रेंटिस पोरांना मी एका रविवारी घरी बोलावणार आहे. कानस धरायला तुम्ही मला शिकवलंत तसं त्यांना शिकवा. तुमचा व्हाइस मागच्या गॅलरीत आहे, गंज काढून तेल लावून ठेवलाय.

आई, तुझी तुळस जोरात आहे. बाबांच्या डोळ्यात थेंब वेळेवर घालत जा, दादाला आठवण करायला सांगितलंय.

तुमची,
मनू